विंडोज, मॅक की लिनक्स? सुरक्षिततेवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा थोरला भाऊ दहा वर्षांपासून लिनक्स वापरतो, मी विंडोजवर आहे. ‘तुझं मशीन म्हणजे सताड उघडं दार, लिनक्सला व्हायरस लागतच नाही,’ हे दादाचं ठरलेलं वाक्य. खरंच तसं आहे का? मी बदलू का?

उत्तर : दादांचं म्हणणं वीस वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं. विंडोज एक्सपीवर घरातला जवळपास प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसायचा, आणि सर्व्हिस पॅक २ येईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट २००४ पर्यंत, फायरवॉल आपोआप चालू नसायची. २००३ मधला ब्लास्टर आणि २००४ मधला सॅसर हे वर्म कुणी काहीही न उघडता, नुसत्या जोडणीवरून पसरले. तो काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यातून विंडोजची ती प्रतिमा जात नाही, आणि त्यात नवल नाही. लिनक्सवर तेव्हाही रोजचं काम साध्या खात्यातून व्हायचं.

पण तेव्हाचा हल्लेखोर यंत्र ताब्यात घ्यायला यायचा. आताच्याला तुमचं सामान हवं असतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉगिन टिकवून धरणाऱ्या कुकीज, कागदपत्रं, फोटो, सर्व्हरच्या किल्ल्या. हे सगळं तुमच्या होम फोल्डरमध्ये, तुमच्याच मालकीचं असतं. तुमच्या खात्यात चालणारी एखादी स्क्रिप्ट ते वाचू शकते, बाहेर पाठवू शकते, कुलूपबंद करून खंडणी मागू शकते. आणि त्यासाठी तिला रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड एकदाही लागत नाही. हे तिन्ही सिस्टीमवर बरंचसं सारखं आहे.

दादांच्या मशीनवर दोघांनी मिळून एक प्रयोग करून बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टीमच्या माहितीत ‘विंडोइंग सिस्टीम’ पुढे काय लिहिलंय ते पाहा. एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) असेल तर टर्मिनलमध्ये ‘एक्सइनपुट लिस्ट’ ही कमांड चालवून कीबोर्डचा क्रमांक शोधा, मग ‘एक्सइनपुट टेस्ट’ पुढे तो क्रमांक द्या. आता दुसरं टर्मिनल उघडून तिथे सुडो या, ॲडमिनच्या अधिकाराने काम करू देणाऱ्या कमांडचा पासवर्ड टाइप करा. पहिल्या खिडकीत दाबलेल्या प्रत्येक कळीचा क्रमांक एकाखाली एक उमटत जातो. कुठलाही विशेष अधिकार न मागता! एक्स११ची रचना १९८७ची. एका पडद्यावरचे सगळे प्रोग्राम एकमेकांच्या विश्वासातले आहेत असं ती धरून चालते. वेलँड ही नवी व्यवस्था एका खिडकीच्या कळा दुसरीला दिसू देत नाही. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत (उबुंटू, डेबियन यांसारख्या तयार संचांत) लॉगिनच्या पडद्यावर, पासवर्ड टाकण्याआधी, दोन्हींपैकी एक निवडता येते. दादांनी हा एक बदल केला तरी खूप झालं. विंडोजही यात फार पुढे नाही, एकाच अधिकारपातळीवरचे प्रोग्राम तिथेही कळा टिपू शकतात. मॅकवर मात्र २०१९च्या कॅटालिनापासून त्यासाठी ‘इनपुट मॉनिटरिंग’ची परवानगी तुम्हाला स्वतः द्यावी लागते.

तेव्हा केवळ भीतीपोटी सिस्टीम बदलू नका. आहे त्याच विंडोजवर रोजचं खातं ‘स्टँडर्ड’ करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे जाऊन नवं खातं उघडा, ‘चेंज अकाउंट टाइप’ मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा आणि वेगळा, लांब पासवर्ड द्या. साइन आउट करून त्या नव्या खात्यात एकदा शिरून बघा. हा टप्पा टाळू नका. पासवर्ड चुकीचा टाइप झाला असेल तर तो इथेच कळतो, नंतर कळला तर पंचाईत होते. मग त्या खात्यातूनच तुमचं जुनं खातं ‘स्टँडर्ड यूजर’ करा. फाइल्स, डेस्कटॉप, काहीही जागचं हलत नाही. फरक एवढाच की परवानगीच्या ज्या खिडकीत आधी ‘येस’ दाबलं की भागायचं, तिथे आता ॲडमिनचा पासवर्ड लागतो. हा फरक मोठा आहे: ॲडमिन खात्यातल्या त्या ‘येस’च्या खिडकीला खुद्द मायक्रोसॉफ्टही सुरक्षेची सीमा मानत नाही, आणि तिला बगल देण्याच्या कितीतरी युक्त्या जाहीर आहेत. त्रास होतो तो आपल्या नोंदी ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच लिहिणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा, ते उघडताना दरवेळी पासवर्ड मागतं. ते काढून तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवलं की बहुधा सुटतं. तेवढ्यासाठी खातं परत ॲडमिन करू नका.

प्रश्न : माझ्याकडे जुना मॅक आहे, नवी मॅकओएस तो घेत नाही. मॅकला कशाचीच बाधा होत नाही म्हणून मी निर्धास्त होते. आता शंका येते आहे.

उत्तर : शंका रास्त आहे. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या ट्रोजनने ६ लाखांहून अधिक मॅक बाधित केले. फट जावामध्ये होती. ओरॅकलने तिची दुरुस्ती फेब्रुवारीत दिली. मॅकसाठीचं जावा तेव्हा ॲपल स्वतः पुरवत असे आणि तिथे ती एप्रिलमध्ये पोचली. मधल्या आठवड्यांत जे व्हायचं ते झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये हाय सिएरावर तर नावाच्या जागी ‘रूट’ लिहून, पासवर्ड कोरा ठेवून एक-दोनदा बटण दाबलं की पूर्ण अधिकार मिळत होते. ॲपलने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती दिली, हेही सांगायला हवं.

तुमच्या बाबतीत मुद्दा आवृत्तीचा आहे. ‘अबाउट धिस मॅक’मध्ये ती बघा. ॲपल साधारणपणे सर्वांत नवी आणि तिच्या मागच्या दोन अशा तीन आवृत्त्यांना सुरक्षा अपडेट देते, पण सगळ्या ज्ञात त्रुटींची दुरुस्ती फक्त सर्वांत नव्या आवृत्तीतच मिळेल असं तिनेच लिहून ठेवलं आहे. तुमची आवृत्ती या तिन्हींच्या मागे असेल तर सफारी वापरणं आधी थांबवा, कारण सफारीची दुरुस्तीही तोवर बंद झालेली असते. फायरफॉक्स किंवा क्रोम तुमच्या आवृत्तीवर अजून अपडेट होतो का ते पाहा. होत असेल तर तो काही काळ आधार. बँकेची आणि ईमेलची कामं मात्र या मशीनवरून दुसऱ्या अद्ययावत उपकरणावर न्या.

मशीन अपडेट घेत असो वा नसो, दोन गोष्टी तपासा. डिस्क कुलूपबंद ठेवणारं फाइलव्हॉल्ट चालू आहे का? नसेल तर चालू करा आणि २४ अक्षरांची रिकव्हरी की कागदावर उतरवा. कागद मॅकच्या बॅगेत नको. ज्या मॅकमध्ये ॲपलची स्वतःची चिप किंवा टी२ चिप आहे तिथे हे काम लगेच होतं, त्याआधीच्यांवर काही तास चालतं, त्यामुळे चार्जर लावून ठेवा. दुसरी गोष्ट फायरवॉल: मॅकवर ती सुरुवातीला बंद असते, तुम्हालाच चालू करावी लागते.

आणि एक. उतरवलेलं सॉफ्टवेअर ‘राइट क्लिक करून ओपन करा’ किंवा ‘हे चिन्ह टर्मिनलमध्ये ओढा’ असं सांगत असेल तर ते तिथेच डिलीट करा. गेटकीपर या मॅकच्या पहारेकऱ्याची तपासणी चुकवण्यासाठीच हे सांगितलं जातं. २०२४च्या सिक्वॉयामध्ये ॲपलने राइट क्लिकचा तो रस्ता बंद केला. तुमच्या जुन्या मॅकवर तो अजून उघडा आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याने गेल्या वर्षीच्या सीव्हीई क्रमांकांचा (जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटींना मिळणाऱ्या क्रमांकांचा) तक्ता भिंतीवर लावला आहे. त्यात लिनक्स कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, आकडा विंडोजच्या कितीतरी पट दिसतो. म्हणजे लिनक्स जास्त सच्छिद्र, असा त्यांचा निष्कर्ष. बरोबर?

उत्तर : नाही. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलचा गट स्वतःच सीव्हीई क्रमांक देऊ लागला आणि सुरक्षेशी दूरान्वयाने संबंध असू शकेल अशा जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक द्यायचं त्यांनी धोरण ठेवलं. आकडा एकदम फुगला तो त्यामुळे. उलट दिशेने फसवणारे तक्तेही असतात: डेबियनच्या नावावर तिच्यातल्या हजारो पॅकेजांच्या त्रुटी मोजायच्या आणि विंडोजच्या नावावर फक्त विंडोजच्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ठरवायचं असेल तर मोजण्याची पद्धत निवडली की पुरतं.

सहकाऱ्यांना दुसरा एक आकडा मोजायला सांगा: दुरुस्ती जाहीर झाल्यापासून ती तुमच्या शेवटच्या मशीनवर बसेपर्यंत किती दिवस गेले? वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या वर्मने ज्या फटीतून जगभर धुमाकूळ घातला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ला दिली होती. हल्ला सुरू झाला १२ मेला. ५९ दिवस होते हातात. विंडोजवर ‘अपडेट हिस्टरी’मध्ये, उबुंटूवर एपीटी या अपडेट बसवणाऱ्या साधनाच्या लॉगमध्ये तारखा सापडतात. भिंतीवर लावायचाच असेल तर तो तक्ता लावा.

प्रश्न : एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्स सुरूच होईना, ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश आला. हा मुद्दाम केलेला प्रकार नव्हता का? तेव्हापासून सिक्युअर बूट (मान्यता नसलेली सिस्टीम सुरूच होऊ न देणारी सोय) बंदच ठेवलं आहे.

उत्तर : तुमचा राग समजतो, असंख्य लोकांचं काम त्या दिवशी अडलं. पण कारण खरं होतं. लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब या बूटलोडरच्या जुन्या आवृत्त्यांत अशी त्रुटी होती की तिच्या आधारे सिक्युअर बूटलाच वळसा घालता येई. त्या आवृत्त्यांना मज्जाव करणारी यादी त्या अपडेटने मशीनच्या फर्मवेअरमध्ये (सिस्टीमच्याही आधी चालणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) लिहिली. जिथे दोन सिस्टीम आहेत तिथे ती लागू होणार नव्हती, पण ही ओळख पटवण्यात अपडेट अनेक ठिकाणी चुकलं. चूक मायक्रोसॉफ्टची होतीच. आणि जुना, सदोष बूटलोडर तसाच वापरात होता, ही बाजूही खरी आहे.

सिक्युअर बूट कायमचं बंद ठेवणं मात्र बरोबर नाही. क्रम असा: विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर चालू असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधून लिहून घ्या, नाहीतर फर्मवेअरमध्ये बदल करताच विंडोज ती मागेल आणि तुम्ही अडकाल. सिक्युअर बूट बंद असताना लिनक्समध्ये शिरा आणि सगळी अपडेट बसवा, विशेषतः ‘शिम’ आणि ‘ग्रब’ ही बूटलोडरची पॅकेजं. मग ‘मोकयूटिल’ या कमांडने एसबॅट धोरण, म्हणजे वर सांगितलेली मज्जावाची यादी, ‘डिलीट’वर ठेवा, मशीन एकदा पुन्हा लिनक्समध्येच सुरू करा आणि त्यानंतर फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट चालू करा. मधलं पुन्हा सुरू करणं अनेकजण गाळतात आणि मग तोच संदेश परत येतो. वितरण जुनं असेल, त्याला अपडेटच येत नसतील, तर आधी ते बदला. हा उपाय तिथे टिकणार नाही.

प्रश्न : लिनक्सचा कोड खुला आहे, हजारो डोळे तो तपासतात, त्यामुळे त्यात चोरदार ठेवताच येत नाही. हे तत्त्व तरी मान्य कराल?

उत्तर : कोड तपासता येणं ही मोठीच गोष्ट आहे, आणि आम्हाला ती प्रिय आहे. पण तपासता येतो म्हणजे तपासला गेला असं होत नाही. बॅश या शेलमधली (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधली) शेलशॉक ही त्रुटी १९८९ पासून तिथेच होती, उघडकीला आली २०१४ मध्ये. सुडोमधली एक गंभीर त्रुटी २०११ ते २०२१, तब्बल दहा वर्षं.

आणि चोरदार खरोखर ठेवलं गेलं. एक्सझेड हे फाइल आकुंचित करणारं छोटं साधन. सांभाळणारा मुळात एकच माणूस. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदत करू लागलं, विश्वास संपादन करत ते साधन सांभाळण्यात भागीदार झालं, आणि २०२४च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं. मांडणी बारकाईने बघण्यासारखी आहे. घातक भाग चाचणीसाठीच्या फाइल्स म्हणून दडवला होता, आणि तो बाहेर काढून जोडणारी ओळ फक्त डाउनलोडसाठी प्रकाशित केलेल्या संचात होती. सगळे जो कोड वाचतात त्या गिटच्या साठ्यात नव्हती. वाचणाऱ्या डोळ्यांना ती दिसणारच नव्हती.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे प्रोग्रामर डेबियनच्या अस्थिर शाखेवर वेग मोजत होते. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते सोडून दिलं नाही, मुळाशी गेले आणि २९ मार्च २०२४ला सगळं जाहीर केलं. स्थिर आवृत्त्यांत पोचण्याआधी धोका टळला. फ्रॉइंड नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये. लिनक्सवर प्रेम करणाऱ्यांनी हे आठवणीत ठेवावं असं मनापासून वाटतं: सर्व्हरवरचं एवढं मोठं संकट ज्याने थोपवलं तो ‘त्या’ कंपनीचा माणूस होता, आणि खुला कोड नसता तर त्यालाही मुळापर्यंत जाता आलं नसतं.

व्यवहारात यातून घ्यायचं ते असं: रोजच्या मशीनवर स्थिर, दीर्घ मुदतीची आवृत्ती ठेवा, नवं ते लगेच हवं म्हणून अस्थिर शाखेवर जाऊ नका. आर्च या वितरणाच्या एयूआरसारख्या, कुणीही भर घालू शकेल अशा साठ्यातून काही घेताना बांधणीची फाइल उघडून वाचा. जुलै २०२५ मध्ये तिथे ब्राउझरच्या दुरुस्त्या म्हणून टाकलेल्या पॅकेजांत दूरनियंत्रणाचं ट्रोजन निघालं.

प्रश्न : माझं मशीन विंडोज ११ घेत नाही. लिनक्स टाकायचं ठरवलं आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने काय चुकू नये?

उत्तर : विंडोज १०ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. वाढीव सुरक्षा अपडेटमध्ये नाव नोंदवलेल्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मुदत १३ ऑक्टोबर २०२६. निर्णय योग्य आहे.

बॅकअप आधी, आणि त्यातल्या पाच-दहा फाइल्स दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग वितरणाच्या मूळ संकेतस्थळावरूनच आयएसओ (सिस्टीम बसवण्याची फाइल) घ्या आणि तिचा शा-२५६ ठसा, म्हणजे फाइलीवरून काढलेला ओळखीचा आकडा, तिथे छापलेल्या ठशाशी जुळवून बघा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ तो काढून देतं. हे अनावश्यक वाटतं, पण २० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटचं संकेतस्थळ फोडून डाउनलोडचा दुवा चोरदार असलेल्या आयएसओकडे वळवला होता. संकेतस्थळच फुटलं तर तिथे छापलेला ठसाही बदलता येतो, म्हणून ठशांच्या फाइलवरची जीपीजी सही (वितरणाची डिजिटल सही) तपासणं अधिक पक्कं. पद्धत वितरणाच्या मदत पानांवर असते.

बसवताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय तेव्हाच निवडा. नंतर करायचं म्हटलं तर बहुतेकदा सगळं पुसून पुन्हा बसवावं लागतं. त्याचा पासवर्ड विसरलात तर माहिती गेली. बिटलॉकरच्या रिकव्हरी कीची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, तशी इथे कुठेच नसते.

उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतलीत तर ५ वर्षं अपडेट मिळतात, पण ही हमी ‘मेन’ साठ्याची. व्हीएलसीसारखी कितीतरी सॉफ्टवेअर ‘युनिव्हर्स’ साठ्यात असतात, तिथे ती नाही. उबुंटू प्रो घेतलं की त्यांनाही दुरुस्ती मिळते. वैयक्तिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत ते मोफत आहे. फायरवॉल बंद दिसली म्हणून दचकू नका, नव्या डेस्कटॉप उबुंटूवर बाहेरून बोलावता येईल असं जवळपास काही चालू नसतं. तरी चालू करून टाका, बिघडत काही नाही.

प्रश्न : विंडोजवर दोन अँटीव्हायरस ठेवले तर दुप्पट संरक्षण मिळेल का?

उत्तर : मिळणार नाही. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना आडवे येतात, मशीन मंदावतं, कधी कधी एकमेकांच्या फाइल्सनाच पकडतात. विंडोजमध्ये आधीच असलेला अँटीव्हायरस म्हणजे डिफेंडर; दुसरं टाकलं की तो आपणहून बाजूला होतो. डिफेंडर पुरेसा आहे. त्याला कुणी परस्पर बंद करू नये म्हणून असलेलं ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू आहे ना, तेवढं बघा.

प्रश्न : एका पानावर ‘मी यंत्रमानव नाही’ची खूण केल्यावर विंडोज आणि आर ही बटणं दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगितलं. मी ते केलं. काही दिसलं नाही. घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर : हो, आणि लगेच हालचाल करा. खऱ्या पडताळणीत कधीच काही पेस्ट करायला लावत नाहीत. त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर एक कमांड ठेवली आणि ती तुमच्याच हातून चालवून घेतली. याच सापळ्याचा मॅकचा अवतार टर्मिनलमध्ये पेस्ट करायला सांगतो, लिनक्सचाही निघाला आहे.

प्रथम नेटवर्क तोडा. दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. पासवर्ड बदलून थांबू नका: प्रत्येक सेवेत ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय शोधून दाबा, कारण चोरलेली कुकी काही ठिकाणी पासवर्ड बदलल्यावरही चालत राहते, आणि दोन टप्प्यांची पडताळणीही तिला अडवत नाही. ईमेलमध्ये पत्रं परस्पर दुसरीकडे पाठवणारा नियम कुणी घातला आहे का, हेही पाहा. त्यानंतर मशीन पूर्ण पुसून, दुसऱ्या संगणकावर बनवलेल्या यूएसबीवरून सिस्टीम नव्याने बसवा. अँटीव्हायरसने ‘काही सापडलं नाही’ म्हटलं तरी, कारण असे प्रोग्राम बहुधा चोरी करून स्वतःला पुसून जातात.